ध्रुपद धरणारा दयाराम

दुसरा कोणी बोलता बोलता थांबला की दयारामला राहवत नसे. यात त्याचा दोष म्हणावा तर थोडाच. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो भगवंतबुवांच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभा राहत आलेला. बुवांनी चरण म्हणून श्वास घेतला की टाळकऱ्यांनी तो चरण वरच्यावर झेलून ध्रुपद धरायचं, ही रीत. ती त्याच्या गळ्यात अशी मुरली होती की साखरखेर्ड्याच्या बाजारात कोणी "वांगी काय भाव..." म्हणून खाकरलं, तरी मागून दयाराम उचलायचा, "काऽय भाऽव!" एकदा तर भाजीवालीनं त्याच्यावर तराजूच उगारला होता.

त्या उन्हाळ्यात गावविहिरीचा गाळ काढताना कड ढासळली. खाली उत्तमराव आणि कारभारी हे दोन गडी होते. विहिरीत उतरणारा गावात एकच, गफ्फार. एरवी बायकांच्या पडलेल्या घागरी काढून द्यायचा. तो कमरेला दोर बांधून उतरला. उत्तमराव जिवंत वर आला. कारभारी वर आला, पण त्याच्यात कारभारी नव्हता.

पुढच्याच आठवड्यात गफ्फारच्या सत्काराला तालुक्याहून पंचायत समितीचे साहेब आले. हार झाला, नारळ झाला, भाषण सुरू झालं. साहेब ऐन रंगात असताना गफ्फार उठला आणि गळ्यातल्या हारासकट चालता झाला. हार शेळीनं खाल्ला. गफ्फार मात्र त्या दिवसापासून कोणाशी धड बोलेना.

मग गाव समजूत घालायला लोटलं. पंजाबराव आले, ते 'उत्तमराव तं वाचला ना' म्हणून आपली म्हैस नदीत कशी बुडाली ते सांगून गेले. रुखमाबाई आल्या, माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगता सांगता त्यांनाच हुंदका फुटला, आणि गफ्फारनंच उठून त्यांना पाणी दिलं.

शेवटी त्याची बायको नसीमा मंदिराच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"बुवा, माणूस घरात हाये अन् नाही बी. भाकर वाढली तं भाकरीकडे पाहत राह्यते. विहिरीच्या वाटेनं जात बी नाही. तुमी काही तरी करा."

बुवा म्हणाले, "नसीमाबी, मी आलो तं तो उभा राहीन, हात जोडीन, म्हणीन सारं बरं हाये. मह्या पोरांतला एक धाडतो. पण आधी तयार करतो."

त्यांनी शिष्यांना पारावर जमवलं. "पडलेल्याले सारं गाव विचारते. उचलणाऱ्याले कोण विचारते, सांगा? मढं झाडावरून उतरवणारा कोतवाल, विहिरीत उतरणारा गफ्फार, याइनं आपलं कोणापाशी सांगावं? कीर्तन शिकता ना? मंग आधी हे शिका."

तालीम सुरू झाली. धडधाकट गुलाबरावला दुःखी म्हणून बसवलं आणि दयारामला त्याची समजूत घालायला सांगितलं. दयारामनं देह, आत्मा, वस्त्र, घागर असं जे निरूपण लावलं की थोड्या वेळानं गुलाबराव घोरायला लागला.

"पाहा बुवा, कसा शांत झाला!" दयाराम म्हणाला.

"दुःख गेलं नाही बे त्याचं. दुःखाले तसंच सोडून तो गेला," बुवा म्हणाले. तरी धाडलं त्यांनी दयारामलाच. काऊन, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दयाराम गेला तेव्हा गफ्फार घरामागच्या लिंबाखाली बसला होता.

"कायले आलं बे?"

"तुमच्यापाशी बसाले, चाचा."

आणि बसल्या बसल्या दयारामनं देह, आत्मा, वस्त्र, घागर सुरू केलं. घागर म्हटल्याबरोबर गफ्फारनं तोंड फिरवलं. दयारामनं जीभ चावली, दुसरा दृष्टांत काढला, तो अर्ध्यातच विसरला, आणि पाठ केलेलं सगळं सरलं. मनातल्या मनात त्यानं पांडुरंगाला हाक मारली. पांडुरंगही त्या वेळी गप्पच होता. लिंबावर एक होला तेवढा घुमत होता.

बऱ्याच वेळानं गफ्फार आपल्याशीच पुटपुटला, "जो येते तो उत्तमरावचंच नाव घेते..." आणि थांबला.

"उत्तमरावचंऽच नाऽव घेतेऽऽ!" दयारामनं मांडीवर ताल धरून उचललं.

आतून नसीमाच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"मस्करी करतं काय बे?" गफ्फार गरजला.

"नाही हो चाचा! सवय हाये. कोणी थांबलं का तोंडातून आपसूक जाते. बाप्पा, मारू नका!"

गफ्फार त्याच्याकडे बघत राहिला. कित्येक दिवसांनी त्यानं आज माणसाकडे नीट पाहिलं असेल. मिशीखाली ओठ जरासे हलले.

"सवय," तो म्हणाला. "मले बी सवय होती. धरलं ते सुटत नव्हतं..."

"सुटत नव्हतं," दयाराम म्हणाला. या वेळी चाल लागली नाही. आवाज आपसूक खाली आला.

"कारभारीचा हात धरला होता ना यार. पक्का. वरून दगड आले..."

"दगड आले."

"त्याची बोटं अशी मह्या बोटात. तो म्हणे, सोडू नको. मी सोडलं नाही दयाराम, अल्लाकसम! हात चिखलानं भरला होता. सुटला..."

दयारामला आता काही उचलता आलं नाही. गफ्फार मात्र थांबला नाही. हारात कसा गुदमरलो, 'शाबास' ऐकलं की उठून कसं पळावंसं वाटतं, सारं त्यानं ओकलं. सावली सरकून दोघं उन्हात आले, तरी कोणी हललं नाही.

शेवटी गफ्फारनं खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. "गोजरबाईले सांगायचं हाये मले. तिच्या दारी गेलोच नाही अजून. येतं काय संगं?"

"हाव."

"पण गायचं नाही बे."

कारभारीची बायको गोजरबाई अंगणात तुरी पाखडत होती. गफ्फारला पाहून तिचं सूप थांबलं. तो दारातच उभा राहिला. मग त्यानं नुसता उजवा हात पुढे केला.

"याच हातातून सुटला, भाभी."

गोजरबाई त्या हाताकडे पाहत राहिली.

"म्हंजे, एकटा नव्हता तं तो?" तिनं हळूच विचारलं. "लोकं म्हणत, अंधारात एकटाच गेला. मले तेच खात होतं. तू होता तं त्याच्यापाशी?"

"होतो, भाभी. हात धरून होतो."

गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले, सूप बाजूला सारलं आणि अंगणात गोणपाट अंथरलं.

"मंग उभा काऊन राह्यलास? बस इथं. काय काय बोलला तो, सारं सांग मले."

गफ्फार बसला. दयारामही मागे, टाळकऱ्याच्या जागी, बसला.