दुसऱ्या किल्लीचा रकाना

टक्.

दुपारचं ऊन भिंतीवर आलं की पुढच्या खोलीतलं नवं लोखंडी कपाट असं एकदाच वाजतं. पत्रा तापतो म्हणून. आत अजून काहीच नाही. एक कोरी नोंदवही आणि ठमीचा एक मोजा, जो तिथे कसा गेला ते तिलाही सांगता येत नाही. घरात दुसरा आवाज नव्हता म्हणून मी दचकले, आणि दचकलेच आहे तर म्हटलं अर्ज पुन्हा एकदा बघून घ्यावा. ठमी शाळेतून यायला अजून तास होता.

अर्ज बंदुकांच्या दुकानाच्या परवान्याचा. नऊ वर्षं मी एका जुन्या दुकानात कामाला होते. दुकानवाले काका बंदुका विकायचे आणि दुरुस्तही करायचे. मी नोंदी लिहायला म्हणून लागले, मग नळ्या साफ करायला शिकले, मग घोड्याची स्प्रिंग बदलायला, दस्त्याचं लाकूड घासून पॉलिश करायला. गिऱ्हाईक म्हणजे नेमबाजी शिकणारी मुलं, बँकांचे पहारेकरी, पिकातली डुकरं हाकणारे. काकांचे हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं. "थरथरत्या हातानं चहा देता येतो, बंदूक नाही," म्हणाले. "तू काढ स्वतःचा परवाना. काम तुला येतंच. फक्त कागदांना कंटाळू नकोस."

कागदांना मी कंटाळले नाही. खोलीचा नकाशा काढला, खिडकीला जाळी बसवली, वाळूच्या बादल्या भरल्या. डॉक्टरांकडून डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणायचा होता.

"झोप लागते?" त्यांनी विचारलं.

"मुलगी झोपली की लागते."

"राग येतो कुणाचा?"

"त्याला माणसं लागतात, डॉक्टर."

ते मनापासून हसले आणि शिक्का मारला. मी बाहेर येऊन पायरीवर जरा वेळ बसून राहिले.

मग एक हवालदार शेजारीपाजारी चौकशी करून गेला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी जिन्यात मला गाठून सगळं सांगितलं. "मी म्हटलं, बाई सोन्यासारखी आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकटी असते बिचारी." हवालदाराने यातलं शेवटचं तेवढं उचललं. कचेरीत टेबलावर पडलेला अहवाल मी उलटा वाचला: अर्जदार एकटी राहते. सहा वर्षांची मुलगी घरात असताना एकटी कशी, असं विचारणार होते. विचारलं नाही. बरोबरच लिहिलं होतं.

अडला होता एक रकाना. कपाटाला दोन कुलपं हवीत, आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. रोज सकाळी दोघांनी मिळून उघडायचं, संध्याकाळी दोघांनी मिळून लावायचं. एकट्याच्या हाताला बंदूक लागता कामा नये. पहिल्या किल्लीपुढे माझं नाव होतं. दुसरीपुढे मी तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याचं लिहिलं होतं.

तो दूरच्या एका बंदरात क्रेन चालवतो. चार वर्षं झाली. दोनदा येऊन गेला, शेवटचा आला तेव्हा ठमीचे दुधाचे दात सगळे जागेवर होते. परवान्याचं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर म्हणाला होता, "काढ ना. निघालं दुकान की येतोच मी, मिळून चालवू." त्या जोरावर मी त्याचं नाव लिहिलं. खरं सांगायचं तर अर्जात खाली छापलं होतं, 'दुसऱ्या किल्लीधारकाने तपासणीवेळी समक्ष हजर राहणे आवश्यक', ते वाचून मला बरं वाटलं होतं. माझ्या बोलावण्याने येत नाही तो छापील अक्षरांनी तरी येईल.

तपासणी सोमवारी होती. त्याच दुपारी, गुरुवारी, मी त्याला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

"सहीच हवी ना?" तो म्हणाला. "तूच कर. माझी सही तुला माझ्यापेक्षा बरी येते."

हे खोटं नव्हतं. शाळेचा फॉर्म, विजेचं मीटर, ठमीच्या लसीचं कार्ड, सगळीकडे त्याच्या नावाची शेपटी मीच ओढत आले होते.

"समक्ष लागतं. ओळखपत्र बघतात."

"मग तारीख पुढे ढकल."

"कधीपर्यंत ढकलू?"

पलीकडे पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला. दात घासत असावा.

"सोमवारचं जाऊ दे," मी म्हटलं. "तू येणार आहेस का? कधीतरी?"

नळ बंद झाला. "बघू," तो म्हणाला.

बघू म्हणणारा माणूस कधी बघायला येत नाही. आमचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्याने ठमीला नीट जेवू घालायला सांगितलं, मी त्याला गार पाणी पिऊ नकोस म्हटलं, आणि फोन ठेवला.

मग तीन दिवस मी माणसं शोधत होते. शिंपीणकाकू म्हणाल्या, "अगं, मी सुई हरवते." काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांना जिना उतरवत नाही. मोठ्या जाऊबाईंनी विषयच बदलला. रविवारी मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. दूधवाला, गॅसवाला, ठमीच्या वर्गाच्या बाई. रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात येऊन उभं राहील असं त्यांत कुणी नव्हतं.

सोमवारी ठमीला सांभाळायला सासूबाई आल्या. त्या सात-आठ गल्ल्या पलीकडे मोठ्या दिरांकडे राहतात. आल्या आल्या त्यांनी जाळी हलवून पाहिली, बादलीतल्या वाळूत बोट घातलं.

"हत्यारं विकणार म्हणे. विळी कुठे ठेवलीस ते आठवत नाही तुला."

"विळीला परवाना लागत नाही, आई."

"लागायला हवा," त्या म्हणाल्या आणि ठमीची वेणी सोडून पुन्हा घालायला बसल्या. मी घातलेली वेणी त्यांना कधी पटत नाही.

तपासणीचे साहेब वेळेवर आले. गरीब स्वभावाचे, सर्दी झालेले. त्यांनी कपाट खांद्याने ढकलून पाहिलं, भिंतीतले बोल्ट मोजले, दोन्ही कुलपं उघडून लावली. मोजा दिसला तेव्हा त्यांनी तो घडी करून माझ्या हातात दिला. मग अर्जाच्या चारही प्रती टेबलावर मांडल्या.

"सगळं चोख आहे. हे दुसऱ्या किल्लीचे गृहस्थ कुठे आहेत?"

सासूबाईंचा हात वेणीत थांबलेला मला दिसला.

"ते येणार नाहीत," मी म्हटलं.

"आज नाहीत?"

"येणार नाहीत."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही सर्दी झालेल्या परक्या माणसाला.

साहेबांनी नाक पुसलं. "मग खोडावं लागेल. चारही प्रतींवर. शेजारी तुमची सही. आणि एकच रेघ मारा हं, गिरगटू नका. खोडलेलं नाव खाली वाचता आलं पाहिजे. नियम आहे."

मी पट्टी घेतली. चार रेघा मारल्या, चार सह्या केल्या, माझ्या.

"आणि दुसरं नाव कुणाचं घालू? नसेल तर अर्ज परत जाईल, बाई. माझ्या हातात काही नाही."

नाव नव्हतंच.

"माझी चालते का सही?" सासूबाई म्हणाल्या. त्या कपाटाकडे बघत होत्या.

साहेब मागे वळले. "आजी, रोज दोनदा यावं लागेल."

"चालत पंधरा मिनिटं. गुडघा दुखला तर वीस."

"बंदूक म्हणजे काय, माहीत आहे का?"

"किल्ली म्हणजे काय ते माहीत आहे. चाळीस वर्षं कमरेला होती. हिलासुद्धा कधी दिली नाही, विचारा हिला."

"नाही दिली," मी म्हटलं.

साहेबांना हसू आलं ते त्यांनी रुमालात घेतलं. त्यांनी वय विचारलं, पत्ता विचारला, पिशवीतून निघालेलं ओळखपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "अर्जदाराशी नातं?"

"सासू."

"म्हणजे हे जे खोडलं, त्यांच्या..."

"आई," सासूबाई म्हणाल्या. "लिहा की."

त्यांनी चष्मा लावला आणि मुलाच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर वेगळं, चारही वेळा. शाई वाळेपर्यंत कागद धरून बसल्या. साहेब तीन प्रती घेऊन गेले. जाताना म्हणाले, महिनाभरात परवाना येईल, आता अडायचं काही कारण नाही.

दार लागलं. मला सासूबाईंचे पाय धरावेसे वाटले, निदान चहा तरी विचारावा. पण त्या माझ्याकडे बघेनात आणि माझ्याने जागचं हलवेना. चौथी प्रत टेबलावर होती. ठमी अर्ध्या वेणीने तिथे गेली. ती हल्ली दिसेल ते वाचते, पुडक्यावरचं, पाटीवरचं. रेघेवर बोट ठेवून तिने खालची अक्षरं हळूहळू जुळवली, आणि जुळल्यावर तिचा चेहरा उजळला.

"हे बाबांचं नाव आहे."

"हो," मी म्हटलं.

तिने रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. "आमच्या बाई चुकलेलं असलं की अशी रेघ मारतात." मग तिने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, बाबांचं काय चुकलं?"