पाचपैकी तीन

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. खुर्ची म्हटले की लोकांना मानपान आठवतो, म्हणून तुमचा गैरसमज आधीच दूर करते. माझ्यासाठी आजवर कोणी भांडलेले नाही. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फळीची बैठक आणि पाठीला दोन पट्ट्या, एवढाच माझा बडेजाव. उजवीकडची बिजागरी सैल असल्यामुळे कोणी बसले की मी 'कुईं' करते. हे लक्षात राहू द्या, पुढे लागेल. इतकी वर्षे शिक्षकांत काढल्यावर असे बोलायची सवय लागतेच.

एका कारखान्यात आम्ही चाळीस बहिणी एकाच दिवशी जन्मलो आणि एकाच टेम्पोतून या महाविद्यालयात आलो. सभागृहातल्या कार्यक्रमांना आमच्यावर माणसे बसायची. पुढे कोणाचा पाय मोडला, कोणाची फळी निखळली, आणि एकेक करून साऱ्या भंगारात गेल्या. मी तेवढी शिक्षकांच्या खोलीत दाराआड उभी राहिले. तिथे माझ्यावर ओल्या छत्र्या टांगत. मला वाटले, आता जन्म असाच जायचा.

एके दिवशी दुपारी भाषा शिकवणाऱ्या मोठ्या बाई तासावरून आल्या आणि त्यांनी हातातली पुस्तके टेबलावर आपटली. खोलीत गणिताचे सर एकटेच होते. ते तेव्हा नवीनच लागले होते. प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर?' म्हणायची त्यांना सवय होती, म्हणून महिन्याभरात मुलांनी त्यांचे नाव 'बरोबर सर' पाडले होते.

"माझ्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो," बाई म्हणाल्या. "का ते मला दिसत नाही, कारण मी पुढे उभी असते. उद्या तू मागे बसून बघशील का?"

"मी? बाई, मी तुमचं काय बघणार?"

"डोळे आहेत ना तुला? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी बाक भरलेले होते, म्हणून बरोबर सरांनी मला काखोटीला मारले आणि शेवटच्या रांगेमागे उघडले. त्या दिवशी माझा दुसरा जन्म झाला असे मी मानते.

तासानंतर दोघे चहा घेत बसले. सर तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला. "आधी माझ्या तासातून तू काय घेऊन जाणार ते सांग. मग खटकलेलं सांग, पण एकच. लिहायचं काही नाही. आणि पुढच्या आठवड्यात मी तुझ्या तासाला येणार." त्या उलट येण्याला त्यांनी नाव दिले परतभेट. ज्याच्या तासाला आपण बसलो, त्याने आपल्या तासाला येऊन बसायचे. तोवर भेट पुरी झाली असे कोणी धरायचे नाही.

मग काय विचारता! मी मजल्यामजल्यांवर फिरू लागले. एक सर शिकवताना खिशातल्या किल्ल्या वाजवत. अठरा वर्षे वाजवत होते, पण सांगणार कोण? मला घेऊन आलेल्या इतिहासाच्या मॅडमनी चहा पिता पिता सांगितले. दुसऱ्या दिवसापासून किल्ल्या टेबलावर, आणि मॅडम त्यांची नकाशे काढायची पद्धत उचलून मोकळ्या. भांडणेही झाली. एकदा दोघे जण आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. पण परतभेट कोणी चुकवली नाही. मला उचलताना माणसांच्या हाताला घाम यायचा, आणि परत आणताना ती हसत असायची. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी रुमालाने माझी बैठक पुसली. "हिला दाराआड पडू देऊ नकोस," असे बरोबर सरांना बजावून त्या गेल्या.

सरांनी शब्द पाळला. पण एका वर्षी तक्ता आला. आमची ही भेटीची पद्धत कुठेतरी वरच्या मंडळींच्या कानावर गेली आणि त्यांना ती पसंत पडली, हेच आमचे दुर्दैव. शिक्षकांचा विकास व्हावा म्हणून प्रत्येकाने एका सहकाऱ्याच्या तासाला बसायचे आणि तक्ता भरायचा, असे ठरले. त्यात दहा रकाने होते. प्रत्येक रकान्यात पाचपैकी गुण, आणि तळाशी 'त्रुटी' लिहायला जागा. काय घेऊन जाल ते लिहायला जागाच नव्हती. परतभेटीचा तर उल्लेखही नव्हता.

त्या वर्षी मी एकदाच बाहेर पडले. तुम्हाला नवल वाटेल, पण बाकीचे कोणी कोणाच्या तासाला गेलेच नाहीत. वाणिज्य शिकवणाऱ्या सरांनी शिक्षकांच्या खोलीतच तोडगा काढला. "तुम्ही मला पाच द्या, मी तुम्हाला पाच देतो. कशाला कुणाच्या पोटावर पाय?" चहा निवायच्या आत सगळ्यांचे तक्ते भरून झाले. सगळीकडे पाच, पाच, पाच.

बरोबर सरांना हे पटले नाही. ते मला घेऊन नव्या मॅडमच्या तासाला गेले. या मॅडम भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्यांची नेमणूक एका वर्षाची होती आणि वर्ष संपत आले होते. आई आजारी होती, धाकटी बहीण शिकत होती, आणि दोघी त्यांच्याच आधाराने होत्या. शिकवताना त्या विजेसारख्या धावत. फळ्यावर लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. मागच्या मुलांची लिहिता लिहिता तारांबळ उडे. पण त्या दिवशी त्यांनी एका मुलीच्या हातात दोन तारा दिल्या, दिवा लागला, आणि सारा वर्ग उठून उभा राहिला. सरही उभे राहिले. मला ते नीट आठवते, कारण माझ्यावरचा भार एकदम हलका झाला.

तास संपल्यावर चहा व्हायचा होता. पण तक्ता त्याच दुपारी द्यायचा होता आणि सरांना परीक्षेच्या बैठकीला जायचे होते. "आपण नंतर बोलू हं," असे ते मॅडमना म्हणाले. मॅडम मान हलवून गेल्या. रिकाम्या वर्गात, माझ्यावरच बसून, सरांनी तक्ता भरला.

आता सरांचा स्वभाव सांगते. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला पूर्ण गुण दिले नव्हते. त्यांच्या हातून पाचपैकी तीन मिळाले की हुशार मुले घरी पेढे वाटण्याच्या बेतात असत. त्यांनी मॅडमना जवळजवळ सगळीकडे तीन दिले. वेगाला दोन दिले आणि त्रुटींच्या जागी लिहिले, 'फार घाई. मागच्या रांगेला पोहोचत नाही.' मग विषयाच्या जाणकारीपाशी ते बराच वेळ थांबले आणि त्यांनी चार लिहिले. "चार," ते स्वतःशीच म्हणाले. "पोरीने कमाल केली." आणि खुशीत सही ठोकली.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडायला हवे होते. पण मला 'कुईं'पलीकडे काही येत नाही. तेवढे मी केले. सरांना वाटले, बिजागरी वाजली.

पंधरा दिवसांनी तक्त्यांतल्या गुणांची यादी लागली. साऱ्या महाविद्यालयात सर्वांत कमी गुण नव्या मॅडमचे. त्यामुळे त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नव्हती.

सर धावत प्राचार्यांकडे गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने, आणि वाणिज्याच्या सरांसमोर भडाभडा बोलू लागले. "मी सांगितलं त्यांना, ती इथल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगली शिकवते. ते म्हणाले, मग पाच का नाही दिलेत? मी म्हटलं, माझे तीन म्हणजे उत्तम. ते म्हणाले, सर, सही तुमचीच आहे ना? वर कागद गेला, आता काही होणार नाही."

"मी सांगत होतो तुम्हाला," वाणिज्याचे सर खालच्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही तासाला न बसता गुण दिलेत!"

"हो. आणि माझ्या गुणांनी कुणाची नोकरी गेली नाही."

सर उठून टेबलाटेबलाशी गेले. आपल्या सगळ्यांचे पाच खोटे आहेत असे लिहून सह्या करायला त्यांनी एकेकाला विनवले. कोणी घड्याळ पाहिले, कोणी वह्या चाळल्या. सही एकाचीही मिळाली नाही. मलाही राग आला, पण खरा राग स्वतःचा आला. ज्या खुर्चीवर बसून माणसे एकमेकांकडून शिकली, त्याच खुर्चीवर बसून हे घडले होते.

शेवटच्या दिवशी नव्या मॅडम शिक्षकांच्या खोलीत आल्या. आपला खण रिकामा केला, पिशवी खांद्याला लावली. मग दाराआड येऊन त्यांनी मला उचलले.

सर वर्गात पाठमोरे, फळ्यावर गणित सोडवत होते. मॅडम मागच्या दाराने आल्या आणि माझ्यावर बसल्या. मी 'कुईं' केले. सरांचा खडू थांबला. कोण आले ते त्यांना वळून न पाहताच कळले असावे. मग ते पुढे लिहू लागले, पण एका पायरीला चिन्ह चुकले. चूक त्यांनी पुसली नाही. नेहमीप्रमाणे तिच्याखाली रेघ मारली आणि शेजारी बरोबर उत्तर लिहिले.

तास संपला, मुले गेली. सर बाकांमधून मागे आले आणि उभेच राहिले.

"तुम्ही आलात," ते म्हणाले.

"परतभेट राहिली होती, सर." मॅडमचा आवाज शांत होता, पण त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. "आधी काय घेऊन जाणार ते सांगते. तुम्ही चूक पुसत नाही, तिच्या शेजारी बरोबर लिहिता. मी सगळं पुसून टाकायचे. हे मी नेणार."

"आणि खटकलं काय?"

"तुम्ही दर वाक्याला 'बरोबर?' विचारता. पण कुणी 'नाही' म्हणेपर्यंत थांबत नाही."

मॅडमनी पिशवी उचलली. "माझी घाई होते, हे खरं होतं. मला सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्याच दिवशी सावकाश शिकवलं असतं," असे म्हणून त्या गेल्या. मला घडी घालायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही, की त्यांनी मुद्दामच घातली नाही, ते मला अजून कळलेले नाही.

तेव्हापासून मी सरांच्या वर्गात शेवटच्या रांगेमागे उघडीच आहे. "माझ्या तासाला या, बसा, तक्ता नको," असे ते सगळ्यांना सांगतात. अजून कोणी आलेले नाही. माझ्यावर धूळ बसते, बिजागरी गंजत चालली आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक झाले, तर माझ्यासारखी एखादी खुर्ची दाराआड सापडेल. तिच्या बिजागरीला थेंबभर तेल घाला आणि तिला काखोटीला मारून कोणाच्या तरी वर्गात जा. पण जे दिसले ते आधी त्या माणसाला सांगा. कागद नंतरही भरता येतो.

परवाची गोष्ट. सरांनी एक पायरी लिहिली, वळले, "बरोबर?" म्हणाले आणि थांबले. वर्गाला याची सवय नव्हती. मुले एकमेकांकडे पाहू लागली. सर थांबूनच राहिले. मग माझ्या पुढच्याच बाकावरून एक मुलगी चाचरत म्हणाली, "नाही सर. मला नाही कळलं."

सरांनी तिच्याकडे पाहिले आणि मग तिच्या मागे, माझ्या रिकाम्या बैठकीकडे पाहिले. "बरं झालं बोललीस," ते म्हणाले, आणि ती पायरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश लिहायला घेतली.