राणीचा भात

टक्. टक् टक्.

दुपारी अडीचला आमच्या घरात कुणी बोलत नाही. सासरे आतल्या खोलीत पंख्याखाली, सासूबाई ओटीवर चटई टाकून, आणि पाच वर्षांची निशिगंधा, आमची निशू, माझ्या पोटावर एक पाय टाकून झोपलेली. नवरा देवेश ऑफिसला. हा एक तास माझा असतो. त्या तासात मागच्या दाराशी कुणीतरी स्टीलच्या ताटलीवर चोच मारत होतं.

राणीच. पाणी संपलं की ती अशी हाक मारते. मी निशूचा पाय अलगद बाजूला केला, तांब्या भरला आणि मागच्या अंगणात गेले. राणीने आधी एका डोळ्याने मला पाहिलं, मग दुसऱ्याने. मग मान ताणली आणि तिच्या घशातून असा काही आवाज निघाला, जणू गंजलेलं फाटक कुणी अर्धं उघडावं आणि तसंच सोडून द्यावं.

मला वाटलं, घशात काहीतरी अडकलं. मी खाली बसून तिच्या पाठीवर थोपटायला लागले, निशूला ठसका लागल्यावर थोपटते तशी. ती माझ्या हातातून निसटली, पाण्याच्या टाकीवर चढली आणि परत तेच. या वेळी जरा स्पष्ट.

ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला, झोपेचा लवलेश नसलेला.

"कल्पिता, आयकलास का गो? कोंबरा हाय तो."

मी टाकीकडे बघत उभी राहिले. पाच महिने ज्या कोंबडीच्या पहिल्या अंड्याची आम्ही वाट बघत होतो, ती आरवत होती.

खरं तर मला कोंबड्यांमधलं काही कळत नाही. माझं माहेर कोपरीचं, तिसऱ्या मजल्यावरचं. तिथे मी कोंबडी पाहिली ती चिकनवाल्याच्या जाळीत. लग्न होऊन डोंबिवलीच्या या टोकाला आले. गाव जुनं, पण आता तिन्ही बाजूंनी टॉवर. शेतं गेली, बंगला झाला, दारात गाडी आली, तरी सासूबाईंनी मागचं अंगण आणि खुराडं सोडलं नाही. देवेश अधूनमधून म्हणतो, "आये, इथे पार्किंग होईल ना मस्त." सासूबाई म्हणतात, "तुज्या गारीनं अंडी दिली का सांग, मंग बगू."

गेल्या भाद्रपदात निशूला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या. आठ दिवस हॉस्पिटल. पाचव्या दिवशी मी पाणी प्यायला बाहेर आले, तर सासूबाई कॉरिडॉरच्या खिडकीपाशी, गाव ज्या दिशेला असेल असं त्यांना वाटलं त्या दिशेला हात जोडून उभ्या होत्या. "आये, पोर घरी येऊंदे. घरात जन्मलेला पयला कोंबरा तुला." हे त्या गावदेवीला सांगत होत्या. त्याच कॉरिडॉरमध्ये, अर्ध्या तासाने, डॉक्टर मला म्हणाले, "आता उद्यापासून काउंट वाढायला लागेल. साधारण असंच होतं." दुसऱ्या दिवशी काउंट वाढला. मी दोन्ही वाक्यं ऐकली होती. कोणत्या वाक्याला धरून मी ती रात्र काढली, ते मला आजही सांगता येणार नाही.

नवसाचा कोंबडा विकतचा चालत नाही. आपल्या अंगणात, आपल्या कोंबडीखाली उबलेला लागतो. दिवाळीनंतर आमची काळी कोंबडी खुडूक बसली, तशी सासूबाईंनी टोपलीत भाताचा तूस पसरून तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी एकेकाला पायांना धरून उलटं लटकवलं.

"मान वर उचलील तो कोंबरा. माज्या सासूनं शिकवलंय."

सहा पिल्लं दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखी लोंबली. एकाने मान वर केली. त्याच्या पायात त्यांनी लाल दोरा बांधला. "हा देवीचा. याला कोनी हात लावायचा नाय."

मग एकेक जायला लागलं. दोन मुंगसाने नेली. एक घारीने नेलं, माझ्या डोळ्यांदेखत, मी हातातला झाडू फेकेपर्यंत ती समोरच्या टॉवरच्या सातव्या मजल्याएवढी उंच गेली होती. एक मी उघड्या ठेवलेल्या बादलीत बुडलं. एक नुसतंच मेलं. बादलीतलं पिल्लू मी ओंजळीत घेऊन बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "कोंबरीच्या पिलाला रडायला लागलीस तर कसा व्हायचा? ऊठ, चाय ठेव." चहा झाल्यावर बघितलं तर त्यांनीच त्याला शेवग्याच्या मुळाशी पुरून वर दगड ठेवला होता.

उरली दोन. एक दोऱ्याचं. दुसरं निशूचं.

निशू घरी आली होती, पण जेवत नव्हती. फ्रॉकचे खांदे उतरायचे. मी वरण-भात घेऊन घरभर तिच्या मागे फिरायचे, ती ओठ घट्ट मिटायची. एक दिवस ती मागच्या पायरीवर बसली होती आणि पिल्लू तिच्या ताटलीत चढलं. तिने त्याला एक शीत दिलं. मग एक स्वतः खाल्लं. "एक राणीला, एक मला." मी दारामागे उभी राहून मोजत होते. अकरा घास. त्या दिवसापासून ती जेवायला लागली, आणि पिल्लाचं नाव राणी पडलं.

तर निशूला बरं कुणी केलं? डॉक्टरांनी केलंच. देवीने केलं असेल. पण जेवायला घातलं ते राणीने.

राणी आरवली तरी मी पहिले चार दिवस घाबरले नाही. दोऱ्याचा कोंबडा होताच की, तांबूस, गुबगुबीत. दोन कोंबडे झाले, एवढंच. घाबरले पाचव्या दिवशी. सकाळी खुराड्यात हात घातला तर त्या दोऱ्याच्या कोंबड्याच्या पायांखाली एक लहानसं, ऊन ऊन अंडं.

सासूबाईंनी ते अंडं हातात धरून खूप वेळ फिरवलं. "पन मान यानंच उचललेली," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी तो लाल दोरा सोडला, आणि कुणी नको म्हणायच्या आत तो राणीच्या पायात बांधला. कुणी म्हणजे मी एकटीच तिथे होते, आणि मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी देवेश हसून हसून बेजार. "राणीचा राजा झाला! अगं, टॉवरमधल्या शीलाताई मगाशी गॅलरीतून विचारत होत्या, तुमचा अलार्म बंद कसा करायचा. आणि लगेच म्हणतात, गावठी अंडी असतील तर सहा ठेवा." मग माझं तोंड बघून तो गंभीर झाला. "आये, मी कल्याणवरून एक गावठी कोंबडा आणतो ना. काय फरक पडतोय?"

"पोर पन कल्याणवरून दुसरी आनायचीस ना मंग," सासूबाई म्हणाल्या.

देवेश उठून आत गेला.

नवस गावदेवीच्या जत्रेत फेडायचा होता, आणि जत्रेला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मी म्हटलं, "आई, काळी परत बसेल ना अंड्यांवर. पुढच्या वर्षीचा दिला तर?"

"मी पयला बोललेय. पयला हाच आरवला. सगल्या गावानं आयकलाय, देवी काय बहिरी हाय?" त्यांनी हातातलं पातेलं पालथं घातलं. मग आवाज एकदम खाली आला. "पन पोर तुजी हाय. माज्या डोक्यावर नको. तू नाय म्हन, मी नाय नेनार. तू हो म्हन, मी नेईन. तू सांग."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दिवसातून दहादा निशूच्या कपाळाला हात लावत राहिले. शाळेतून आली की, खेळून आली की, झोपली की. कपाळ कोमट लागायचं. ते नेहमीइतकंच कोमट असायचं का, हेसुद्धा मला ठरवता येईना. माझ्या न बोलण्याला घरात सगळ्यांनी हो समजून घेतलं, आणि मी त्यांना समजू दिलं.

"राणी जत्रेला जाणार?" निशूने विचारलं. "पाळण्यात बसायला?"

"हं," मी म्हटलं.

आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी राणीला मोठ्या टोपलीखाली झाकलं. "आता हिला काय द्यायचा नाय हां कोनी. पानी फक्त." देवळात कोंबड्यापुढे तांदूळ टाकतात. त्याने टिपले, तर देवीने मानलं. नाही टिपले, तर देवीला नको. म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं. भुकेला कोंबडा दाण्यांना चोच लावतोच. हे सासूबाईंनी मला सांगितलं, निशूसमोरच सांगितलं.

सकाळी सहाला पाणी भरायला उठले. टोपलीखालून आवाज आला. टक्. टक्. ताटली रिकामी असल्याचा. मी तांब्या घेऊन गेले. टोपली उचलली. राणी सरळ माझ्या पायाशी आली आणि माझ्या रिकाम्या तळहातात चोच घालून बघितली.

मी आत गेले. फ्रिजमधला रात्रीचा भात काढला, गॅसवर जरासा कोमट केला, कारण गार भात तिला आवडत नाही. तिने तो माझ्या हातातून खाल्ला. सगळा. वाटीला लागलेली शितंही. गळ्याखालची पिशवी फुगून एका बाजूला कलली. मी टोपली पुन्हा ठेवली. वळले तर दारात निशू उभी होती, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. मी वाटी पाठीमागे नेली.

देवळापाशी पाळणे आले होते, भोंग्यावर गाणी चालू होती. सासूबाईंनी राणीला हळदकुंकू लावलं, देवीसमोर सोडलं आणि मूठभर तांदूळ टाकले. राणीने तांदळांकडे एका डोळ्याने बघितलं. मग दुसऱ्याने. मग ती मान वळवून गर्दीकडे बघायला लागली. माझ्याकडे बघितलं की काय, मी निशूचा हात घट्ट धरला.

"परत टाका," पुजारी त्र्यंबकमामा म्हणाले.

परत टाकले. राणीने एक दाणा चोचीने उलटा केला आणि सोडून दिला. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. राणी पाय दुमडून तिथेच तांदळांवर बसली आणि तिने डोळे मिटले.

"आवडे, तुज्या कोंबऱ्याचा उपास हाय वाटते आज," शेजारच्या सखुबाई सासूबाईंना म्हणाल्या. कुणीतरी हसलं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या त्र्यंबकमामांकडे बघत होत्या. मामांनी देवीकडे बघितलं, राणीकडे बघितलं, खांदे उडवले. "नको म्हनतेय. घरी ने. नारल फोर, मोकली झालीस."

सासूबाईंनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला नाही. परत येताना टोपली मी धरली आणि राणीला त्यांनी स्वतः उराशी घेतलं, वर पदर धरला, ऊन लागू नये म्हणून. अख्ख्या वाटेत एकदाच बोलल्या. "असा कदी झाला नाय. तीस वर्सांत नाय." त्या सुटल्यासारख्या वाटत होत्या की घाबरल्यासारख्या, मला समजेना. मला माझंही समजत नव्हतं. मी भात का घातला होता? ती शेवटचं जेवून जावी म्हणून? की ती परत यावी म्हणून? देवीने नको म्हटलं, की माझ्या वाटीभर भाताने? आणि देवीला ते कळलं असेल, तर ती कुणावर रागावेल?

घरी आल्यावर सासूबाईंनी विळीच्या टोकाने राणीच्या पायातला दोरा कापला आणि तुळशीत टाकला. जेवताना देवेशने ताटातून एक घास काढून मागच्या पायरीवर ठेवला.

आता अडीच वाजलेत. पंख्याचा आवाज आहे, ओटीवर सासूबाई कूस बदलतायत, बांगड्या वाजतायत. त्या झोपलेल्या नाहीत. निशू माझ्या पोटावर पाय टाकून पडलीय. मी तिच्या कपाळाला हात लावला. मग माझ्या कपाळाला. मग पुन्हा तिच्या. मागून राणी एकदा आरवली, आता नीट, पूर्ण.

"आई."

"झोप गं."

"आजी म्हणालेली ना, राणीला काहीच द्यायचं नाही?"

"हं."

ओटीवरच्या बांगड्या थांबल्या.

"मग तू तिला भात का घातलास?"