विहीणबाईंचा जबडा

लातूरच्या त्या दंत महाविद्यालयात लुंबिनीचं आणि तिचे मार्गदर्शक उमाशंकर सर यांचं निदान काही जुळेना. प्रबंधाचं काम सुरू करण्याआधी दोघांनी एकाच पेशंटचा जबड्याचा सांधा वेगवेगळा तपासायचा आणि उत्तर सारखं यायचं, असा नियम. लुंबिनी लिहायची दुखतंय, सर लिहायचे नाही. "तुझा हात जड पडतो," सर म्हणायचे. तिने हात हलका करून पाहिला. तरी तेच. स्वतःच्या बोटांवरचा भरवसाच उडाला होता, आणि थकवा तर असा, की पडलं तर तिथंच झोप लागावी.

त्या दुपारी निलंग्याच्या कस्तुराबाई आल्या. याच दुखण्यापायी कुणीतरी त्यांच्या दोन चांगल्या दाढा उपटल्या होत्या, दुखणं मात्र जागच्या जागी. लुंबिनीने कानापुढे बोट टेकवताच त्या कळवळल्या. "लई ठणकतंय ओ ताई! भाकर चावंना." दाढेचा दोष नव्हताच, सांधाच होता. तिने तसं लिहून बाईंना पडद्यापलीकडे सरांकडे धाडलं.

सर माणूसवेडे. पेशंट टेकला न टेकला की विचारणार, "कुठलं गाव? कुणाच्यातले?"

"निलंग्याच्या गुंडप्पांच्या घरची."

"अहो, आमची भाची त्यांच्याच पुतण्याला दिलीय! म्हणजे तुम्ही आमच्या विहीणबाईच की!"

मग हसणं, ख्यालीखुशाली, आणि शेवटी तपासणी. सरांचा निकाल: सांधा ठीक, दोष दाढेचाच, उद्या आणखी एक दाढ काढा.

"आता घे जुळवून माझ्याशी," ते लुंबिनीला म्हणाले. "संपव एकदाचं."

संपवावंसं तिलाही वाटत होतं. पण दाढ कस्तुराबाईंची जाणार होती. ती बाहेर बाकाशी गेली. "मावशी, सरांना का नाही सांगितलं?"

"सोयऱ्याफुडं कसं कण्हावं ताई? भाचीच्या कानावर जाईल, मग गावभर व्हईल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लुंबिनीला हसू आलं आणि रागही आला. तिने बाईंना हाताला धरून परत आत नेलं. "सर, एकदा काही न बोलता बघा. मावशी, तुम्हीही बोलू नका. दुखलं की हात वर करा."

सरांनी बोट टेकवलं. बाईंचा हात झटक्यात वर गेला, डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी दाढ काढायच्या नोंदीवर स्वतःच काट मारली.

"उगाच तुझ्या हाताला बोल लावला मी. ओळख निघाली की माणसं माझ्यापुढे दुखणं गिळतात," बाई गेल्यावर ते म्हणाले. "पण तू कधीच कुणाला गाव विचारत नाहीस. का गं?"

मुखेडच्या शाळेपासून तिला तो प्रश्न पाठ होता. गावामागून 'कुणाच्यातली' यायचं, आणि उत्तर ऐकून समोरचं माणूस जरा मागे सरकायचं. पहिल्या दिवशी सरांनीही विचारलं होतं, आणि ऐकून "बरं, बरं" म्हणाले होते. हे सगळं सांगायचं त्राण आज तिच्यात नव्हतं.

"सवय नाही, सर," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.