सील एकदाच तुटतं

साक्षीनं पलंगावर आईची ठेवणीतली जांभळी चादर अंथरली होती, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं होतं आणि उजेड मऊ यावा म्हणून खिडकीला पप्पांचा पांढरा टॉवेल टांगला होता. चादरीच्या मधोमध तो डबा! कालच बाजारात आलेला फोन, अख्ख्या भोकरमध्ये अजून कुणी हातात घेतला नसेल असा.

डबा दिला होता आलोकदादानं. मोठ्या काकांचा हा मुलगा, नांदेडला त्याचं मोबाइलचं दुकान. "पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटतं ते आपल्या बोलीत सांग," तो म्हणाला होता. "पण सील कॅमेऱ्यासमोरच तोड, लोकं तेवढ्यासाठीच थांबतात. जमलं तर दुकानाचे सगळे व्हिडिओ तुझे."

दहावीचा निकाल लागल्यापासून लातूर लातूर करणारे पप्पाही एकदाचे वाकले होते. "आलोकनं काम दिलं तर नांदेडला अकरावी कर. न्हाई दिलं तर गुमान लातूरचं होस्टेल. मग दोन वर्षं असल्या फोनचं नाव काढायचं न्हाई."

न्हाई दिलं तर? हॅ! गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून साक्षीला माइक भीत होता, साक्षी माइकला नाही. आरशासमोर बारा वेळा बोलून झालं होतं. फक्त मोबाइल अडकवायचा स्टँड तेवढा शेजारच्या पुनमकडून आणायचा होता. ती गेली आणि पंधरा मिनिटांत उड्या मारत परत आली.

खोलीत उदबत्तीचा वास.

पलंगापाशी आई पदर डोक्यावर घेऊन फोनला ओवाळत होती. डब्याचं सील चुरगळून ताटाच्या कडेला. काळ्या काचेवर हळदीकुंकवाची ओली बोटं, मागच्या कॅमेऱ्यांच्या भिंगांवर अक्षता.

"आली का? ये, पाया पड," आई म्हणाली. "कोरी वस्तू तशीच वापरायलीस व्हय? तुझ्या पप्पांच्या गाडीला, गिरणीला, सगळ्याला केलंय मी. आज तुझं एवढं मोठं काम हाय."

साक्षीनं ताटाच्या कडेचं चुरगळलेलं सील उचललं. आईचा चेहरा इतका खुशीत होता, की साक्षीनं वाकून नमस्कार केला. फोनला की आईला, तिचं तिलाच कळलं नाही.

मग तिनं कापसानं पुसलं, टाचणीनं कोरलं, सील डिंकानं चिकटवलं. "नमस्कार मंडळी! बघा, कसा कोरा डबा हाय!" म्हणत ते तोडलंही. पण स्पीकरच्या भोकांतलं कुंकू काही निघेना, आणि फोननं काढलेल्या प्रत्येक फोटोत भोकरचं आभाळ पिवळट दिसत होतं.

संध्याकाळी आलोकदादानं व्हिडिओ बघून फोन केला. "साक्षे, काय करून ठेवलंस गं हे? पूजा झालेला फोन कोरा म्हणून दाखवू? लोकं मलाच धुतील ना."

"दादा, दुसरा डबा दे ना. एकच."

"आता कुठला? बाकीचे बुकिंगचे हायत. आणि व्हिडिओ तर आजच पायजे होता. राहू दे, दुसरं कुणी बघतो."

पप्पा जेवता जेवता एवढंच म्हणाले, "ठरलं व्हतं तसं." आईनं विचारलं, "का गं, फोन चांगला न्हाई का?" साक्षी म्हणाली, "चांगला हाय, आई. लई चांगला हाय."

लातूरच्या होस्टेलवर गेटपाशीच रेक्टर बाईंनी तिची बॅग उलटीपालटी केली आणि पप्पांनी घेऊन दिलेला बटणांचा फोन तेवढा परत दिला. खोलीतली शिल्पा उदगीरची. ती म्हणाली, "घरी लई बडबडी असशील तू, वाटतं तोंडावरून."

साक्षीनं फोन हातात धरला. नमस्कार मंडळी. बटणं मोठी. बॅटरी आठ दिवस. कॅमेरा...

"न्हाई," ती म्हणाली आणि फिजिक्सचं पुस्तक उघडलं.