तीन मार्क कमी

फोनवर 'अभिनंदन' हा शब्द उमटला तेव्हा मिनी माझ्या मांडीवर बसून मक्याची पेज खात होती. मी चमचा तसाच हवेत धरला आणि खालची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मिनीचं तोंड पुसलं आणि तिसऱ्यांदा वाचली. विद्यापीठात प्रवेश मिळाला होता खरा. पण मी अर्ज केला होता नर्सिंगला, आणि दिलं होतं फिजिऑलॉजी.

सासूबाई दारात सुकी कोळंबी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"झालं?"

"झालं, पण..."

पण वगैरे ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. उठल्या, कमरेचं वस्त्र आवळलं आणि अंगणात नाचायला लागल्या. शेजारच्या दोघी धावत आल्या, त्याही नाचल्या. दुपारपर्यंत गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या हातात आमच्या पैशांची माल्ट सरबताची बाटली होती.

"आई, ते नर्सिंग नाहीये," मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं.

"मग काय आहे?"

"फिजिऑलॉजी. शरीर कसं चालतं त्याचा अभ्यास."

"आणि नर्स काय रेडिओ कसा चालतो त्याचा अभ्यास करते? इमारत तरी तीच आहे ना?"

इमारत तीच होती. तेच तर सगळ्यांना फसवत होतं.

मला नर्सिंगच का हवं होतं, ते सांगते. मिनी तीन दिवसांची होती. मी पॉलिटेक्निकमधून प्रयोगशाळेचा डिप्लोमा केलेली, शाळेच्या लॅबमध्ये नोकरी करणारी बाई. ते तीन दिवस मी त्या पोरीवरून डोळा हलवला नव्हता. श्वास मोजत होते, कपाळ चाचपत होते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर अतीम कार्डावर सही करायला आल्या, मिनीला उचलून खिडकीपाशी नेलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं आणि म्हणाल्या, "कावीळ आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या." एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. मी तीन दिवस बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. सिस्टरांना जे दिसलं ते मला शिकायचं होतं, आणि शिकल्यावर परवाना हातात घेऊन दुसऱ्यांच्या मुलांना खिडकीपाशी न्यायचं होतं. फिजिऑलॉजीच्या पदवीने तो परवाना मिळत नाही.

रविवारी चर्चनंतर अंकल असुक्वो जेवायला आले. ते सासऱ्यांचे चुलतभाऊ, चर्चचे मानकरी आणि विद्यापीठाच्या एका ऑफिसात कारकून. एकपांगची, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेल्या किसलेल्या अळकुड्यांची, दुसरी ताटली संपवून त्यांनी बोटं चाटली आणि मला समोर बसवलं.

"मेडिसिनला मार्क कमी पडले की अॅनाटॉमी देतात, नर्सिंगला कमी पडले की फिजिऑलॉजी. घाबरायचं नाही. तू आधी आत ये. पहिलं वर्ष नीट कर. दुसऱ्या वर्षी मी तुला पार करतो."

पार करणं म्हणजे एका विभागातून उचलून दुसऱ्यात नेऊन बसवणं. आमच्या शहरात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. कोणाचा ना कोणाचा भाचा पार झालेला असतो.

"नाही झालं तर, अंकल?"

"या तुमच्या सूनबाईंना शिकवलं कोणी?" ते सासूबाईंकडे वळून हसले. "पुढे आलेलं ताट ही हुंगून बघते!"

शुक्रवारी मुदत संपत होती. तोपर्यंत पोर्टलवर 'स्वीकार' दाबायचं आणि ऐंशी हजार नायरा भरायचे. फी वेगळी, हे नुसते जागा धरून ठेवायचे, परत न मिळणारे. नवरा एफिओम फ्रिज दुरुस्त करतो. त्याने नव्या कॉम्प्रेसरसाठी बाजूला ठेवलेले ते पैसे होते, आणि असे पैसे आमच्याकडे वर्षातून दोनदा उभे राहत नाहीत. खाजगी विद्यापीठात नर्सिंगचं एक वर्ष पंधरा लाखांचं, मेडिसिन साठ लाखांच्या पुढे. ते आकडे आम्ही सिनेमातल्या बंगल्यांसारखे बघायचो आणि पुढे जायचो. म्हणजे सरकारी विद्यापीठ, आणि तेही एकदाच.

"आलेला प्रवेश कोणी परत करतं का?" एफिओम म्हणाला. "लोक चार-चार वर्षं परीक्षा देतात, मिनीची आई."

"परत करते असं म्हणाले का मी? मला फक्त बघून येऊ दे."

"तू बघायला लागलीस की मला भीती वाटते."

मंगळवारी मी शाळेतून सुट्टी घेतली, मिनीला कापडाने पाठीशी बांधलं आणि विद्यापीठात गेले. फिजिऑलॉजी विभागासमोर बदामाच्या झाडाखाली शेवटच्या वर्षाची मुलं सह्यांसाठी रांगेत उभी होती. मी शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि पहिल्यापासून विचारत निघाले: तू मुळात कशासाठी अर्ज केला होतास?

"मेडिसिन."

"मेडिसिन."

"नर्सिंग."

"मेडिसिन, आंटी. फिजिऑलॉजीसाठीच फिजिऑलॉजीला आलेला माणूस शोधत असाल तर तो बघा, खांबापाशी. पदवीदानानंतर आम्ही त्याला संग्रहालयात ठेवणार आहोत."

रांग हसली. खांबापाशी उभ्या असलेल्याने वाकून नमस्कार केला. मिनीला हे सगळं फार आवडलं, ती माझ्या पाठीवर उड्या मारायला लागली. मी बावीस जणांना विचारलं. एकोणीस जण पार व्हायला आले होते आणि चार वर्षांनी अजून इथेच उभे होते.

मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. तेवढ्यात चष्मा लावलेली एक उंच मुलगी म्हणाली, "आंटी, तुम्ही चुकीच्या रांगेत विचारताय. जे पार झाले ते इथे कशाला उभे राहतील? तिकडच्या वर्गात जाऊन विचारा."

माझे कान तापले. लॅबमधली बाई मी, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचू नये!

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाचा तास नुकताच सुटला होता. दारातच वर्गप्रमुख भेटली. मायेन तिचं नाव, पांढऱ्या गणवेशाच्या बाह्या कडक इस्त्रीच्या. माझं म्हणणं ऐकून ती वळली आणि बाजारात ओरडावं तसं ओरडली, "फिजिऑलॉजीतून पार होऊन आलेल्यांनी हात वर करा!"

साठेक मुलींमधून एक हात वर आला.

"तिचे वडील इथेच प्रोफेसर आहेत," मायेन माझ्या कानाशी म्हणाली. "आणि त्यांचीसुद्धा दोन वर्षं चपला झिजवण्यात गेली. तुम्हाला मार्क किती?"

"दोनशे एक्कावन्न. यादी दोनशे चोपन्नवर थांबली."

"पोर्टलवर 'स्वीकार' दाबलंत?"

"अजून नाही."

"देवाचे उपकार. दाबू नका." तिने मला बाकावर बसवलं. "दरवर्षी आठ-दहा जणं पैसे भरत नाहीत, नाहीतर दुसरीकडे जातात. त्या जागांची पुरवणी यादी लागते. गेल्या वर्षी चार मार्क खाली आली होती. पण तुमचं नाव फिजिऑलॉजीखाली अडकलंय. ते तुम्ही स्वतः नाकारलं, तरच इकडे घालता येतं."

"आणि नाकारूनही यादीत आलं नाही तर?"

"तर पुन्हा परीक्षा. मी तीनदा दिलीय. मेले नाही."

मग तिने वहीच्या मागच्या पानावर मला खर्च लिहून दिला: दोन गणवेश, पांढरे बूट, नर्सिंग परिषदेची नोंदणी, हॉस्पिटलात ड्युटी लागली की रोजचं रिक्षाभाडं. "फीचा आकडा बघून खूश होऊ नका. आम्ही सगळ्या त्यालाच भुलून आलो. हे आधी बघा, मग ठरवा."

खाली प्रवेशाच्या खिडकीवर जाऊन मी खात्री करून घेतली. तिथल्या बाईंनी स्वतःच्या फोनवरून नजरही न उचलता सांगितलं, "नाकारल्याशिवाय नाव हलत नाही. कितीदा सांगायचं?" मी पहिल्यांदाच विचारत होते, पण उत्तर पक्कं होतं.

रिक्षात बसणार तोच फोन थरथरला. सहा आकड्यांचा कोड. पाठोपाठ अंकल असुक्वोंचा फोन.

"मिनीची आई! एक नंबर आला असेल बघ. सांग पटकन."

"कसला नंबर? तुम्ही कुठे आहात?"

"कॅफेत. एफिओम आहे, तुझी सासू आहे. आत्ता नेट चांगलं चाललंय, म्हटलं तुझं काम उरकून टाकू."

माझा पासवर्ड त्या कॅफेवाल्याकडे होता. परीक्षेचा अर्ज भरताना आमच्याकडे सगळेच त्याच्याकडे ठेवून येतात, छत्री विसरावी तसा. माझाही तिथेच राहिला होता. सगळं त्याच्या हातात होतं, फक्त हे सहा आकडे माझ्याकडे होते.

"अंकल, थांबा. मी येतेय."

"अगं, सहा आकडे सांगायला यायचं कशाला? दहा मिनिटांत तो मरतो!"

"मरू दे."

मी फोन बंद केला. मिनीच्या कापडाची गाठ आवळली आणि रिक्षा कॅफेकडे घ्यायला सांगितली.

कॅफेत तिघं एका संगणकापुढे बसले होते. सासूबाईंच्या कमरेच्या गाठीत ऐंशी हजार होते. त्या गाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी दाराशीच उभी राहून सगळं सांगितलं. बावीसांतले एकोणीस. साठांतली एक, आणि तिचे वडील कोण ते. पुरवणी यादी.

"आकडे!" अंकल कॅफेवाल्याला म्हणाले. "देवाने दार उघडलं, ही आकडे मोजतेय."

"अंकल, तुम्ही आजवर किती जणांना पार केलंत?"

"पुष्कळ."

"एक नाव सांगा."

"अशी नावं सांगायची नसतात." त्यांनी टोपी सारखी केली. "ऑफिसची गुप्तता असते."

मी पुढे काही बोलणार होते, पण सासूबाई बोलल्या. तीस वर्षं बाजारात बसलेला आवाज. "असुक्वो, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, टोपलीत हात घालतं, कोळंबी चावून बघतं. मी त्याला गुप्तता सांगते का? एक नाव सांग. पैसे हे इथे आहेत."

अंकलनी पंखा वाढवायला सांगितलं. कॅफेवाला हसू दाबत होता.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि गाठ आणखी आवळली.

एफिओम उठला. त्याने मला बाहेर ओसरीवर नेलं. "यादीत नाही आलीस तर? हातातलंही गेलं."

"तर पुन्हा परीक्षा देईन. पैसे आईंकडे राहतील, कॉम्प्रेसरला लागले तर घे."

"तीन मार्क कमी आहेत, मिनीची आई."

"तीनच कमी आहेत."

त्याने मिनीला माझ्या पाठीवरून सोडवून घेतलं. "जा," म्हणाला. "ही वळवळली तर चुकीचं बटण दाबशील."

मी नवा कोड मागवला. 'नाकारा' हे बटण लाल होतं. दाबल्यावर पोर्टलने विचारलं, नक्की? सिस्टर अतीमना खिडकीपाशी जायला किती वेळ लागला होता ते आठवलं, आणि 'नक्की' दाबलं. मग तिथेच बसून पासवर्ड बदलला. कॅफेवाल्याला पाठ करून बसायला सांगितलं.

पुढचे अठरा दिवस मी कसे काढले ते एफिओमला विचारा. मिनीला खोकला नसताना मी तिला खोकल्याचं औषध द्यायला निघाले होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. गल्लीतल्या बायका मला बघून आवाज खाली करायच्या: हीच ती, प्रवेश परत करणारी. सासूबाईंनी मात्र पैशांची गाठ एकदाही सोडली नाही, आणि मला एकदाही टोचून बोलल्या नाहीत.

पुरवणी यादीत नऊ नावं होती. माझं आठवं.

सासूबाई पुन्हा नाचल्या. या वेळी त्यांनी आधी विचारून घेतलं, "नर्सिंगच ना? नीट वाचलंस?" मी म्हटलं, चारदा. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायच्या वेळी अंकल असुक्वो उभे राहिले आणि आपण स्वतः आत शब्द टाकल्यामुळे देवाने आमच्या घरावर कशी कृपा केली, ते त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. एफिओम उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. मला बुटांचं माप द्यायला जायचं होतं, मिनीला दुपारी कोण सांभाळणार ते ठरायचं होतं. या भांडणाला वेळ कुठे होता?

पण चर्चच्या बाहेर अंकल एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला समजावत होते. मुलीने मेडिसिन मागितलं होतं, अॅनाटॉमी मिळालं होतं. "तू आधी आत ये," ते म्हणत होते. "आमच्या सूनबाईंचं बघितलंस ना?"

मी मिनीला पाठीवर नीट सरकवलं आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

"स्वीकारायचा कोड कोणाच्या फोनवर येतो?" मी मुलीला विचारलं.

"माझ्या."

"मग फोन कोणाच्या हातात द्यायचा नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. बदामाच्या झाडाखाली एक रांग असते, आधी तिथे जाऊ. नंतर मेडिसिनच्या वर्गात जाऊन वर आलेले हात मोजू."