रांग मोजणारे लाल कार्ड

मी एक जुने कार्ड आहे. रंग लाल, पण आता विटकरी म्हटलेले बरे. आकार तळहाताएवढा. वरच्या कडेला एक भोक आणि त्यात ओवलेली एक दोरी. मित्रांनो, तुम्ही मला कधी गळ्यात घातले असेल तरी ते तुमच्या लक्षात नसणार, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला गळ्यात घालणाऱ्यांचे लक्ष नेहमी पुढेच असायचे. मी रांग मोजण्याचे काम करत असे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. प्लास्टिकच्या एका मोठ्या तुकड्यातून आम्ही सगळी भावंडे कापली गेलो. कोणाच्या मानेला ओरखडा उठू नये म्हणून आमचे कोपरे गोल केले गेले. प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी एक चकती बसवली. तेवढे झाल्यावर आम्हाला एका खोक्यात भरून मोठ्या पार्कमध्ये पाठवले. तिथे आकाशपाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या आणि सर्वांत मागे, झाडांच्या आड, ‘वादळपक्षी’ होता.

वादळपक्षी हा सिनेमातला पक्षी. वादळात सापडलेल्या मुलांना पाठीवर घेऊन तो कड्यावरच्या आपल्या घरट्यात नेतो, अशी ती गोष्ट. सिनेमा धो धो चालला, त्याचा दुसरा भाग आला, आणि पार्कने त्या पक्ष्याची राइड उभारली. लोखंडाचे दोन अवाढव्य पक्षी आणि त्यांच्या पाठीवर खुर्च्यांच्या ओळी. पक्ष्यापर्यंत पोचायचे तर एका कपारीतून जावे लागे. उंच कडे, गुहा, कड्यांमध्ये घरटी. ही सगळी कपार म्हणजे रांगेची जागा.

रांगेच्या शेवटी एक बाई उभ्या असत. त्यांना सगळे शेपटीमावशी म्हणत, आणि त्यांनाही त्याचे काही वाटत नसे. “अहो, तोंडाशी सगळेच उभे राहतात, शेपटी सांभाळायला माणूस लागतं,” असे त्या म्हणायच्या. शेवटी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या गळ्यात त्या मला घालत. त्याआधी खांबावरच्या डबीला मला टेकवत. टिक्‌. मग तो माणूस मला घेऊन सगळी कपार पार करी आणि पक्ष्यापाशी उभ्या असलेल्या दारवाल्याच्या हाती देई. तिथे पुन्हा टिक्‌. मधला वेळ ऑफिसात पोचे आणि तोच बाहेरच्या फलकावर लागे. फलक बघून लोक ठरवत, थांबायचे की पाण्याच्या घसरगुंडीकडे जायचे.

सुरुवातीची वर्षे वैभवाची होती. माणसे पिसांच्या टोप्या घालून येत. लहान मुले माझी दोरी चावत. तरुण जोडपी भांडत, आणि पुढच्या दारापर्यंत त्यांची दिलजमाईही होई. ऑफिसात भिंतीवर माझे आकडे रंगीत रेघांनी काढले जात. मोठे साहेब त्या रेघांकडे बोट दाखवून म्हणत, “लोक इतका वेळ उभे राहतात, म्हणजे सिनेमावर किती प्रेम असेल बघा.” माझ्या आकड्यांवरून तिसऱ्या भागाचे बेत ठरले असे ऐकून माझी छाती फुगली होती, म्हणजे कार्डाची जेवढी फुगू शकते तेवढी.

पुढे मला हळूहळू उमजत गेले. एकदा दिवसभर पावसाची भुरभुर होती. बाकी सगळ्या रांगा उघड्यावर, आमची तेवढी छपराखाली. त्या दिवशी माझ्या गळ्यांची रीघ लागली. एका आजींनी आपल्या नातवाला विचारले, “काय रे, हे घुबड आहे का?” नातू म्हणाला, “माहीत नाही आजी, पण इथे भिजत नाही.” त्या दिवशीचा आकडा ऑफिसात सिनेमाच्या नावावर जमा झाला. उलट एका सुट्टीत मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती, पण दोन्ही पक्षी झोकात उडत होते आणि दारवाला चपळ होता. माणसे भराभर वर जात होती. वेळ थोडा भरला आणि साहेबांचा चेहरा पडला. चौथा भाग आला तो आठवड्यात चित्रपटगृहांतून उतरला. नेमका त्याच आठवड्यात आमचा एक पक्षी दुरुस्तीला गेला होता. एकाच पक्ष्यावर किती जण बसणार? रांग तुंबली, आकडा चढला आणि ऑफिसात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला.

मित्रांनो, साहेबांना मी हसत नाही. माझ्याकडे एकच गोष्ट होती, वेळ. तो कशासाठी गेला हे सांगायला मला तोंड नव्हते.

पक्षी दुरुस्त होऊन आल्यावर आकडे घसरले. रंगीत रेघा उतरू लागल्या. वादळपक्षी काढून तिथे दुसऱ्या एका नव्या सिनेमाची राइड करायची, असे बोलले जाऊ लागले. त्याच सुमाराला एका सकाळी एक काका आणि त्यांची मुलगी आली.

आठवड्यातला मधला वार होता. रांग अशी नव्हतीच. पुढे पाच-सात माणसे आणि मागे हे दोघे. काका उंच होते, पण खांदे आत ओढल्यासारखे. मुलगी मोठी, संसारी वयाची. तिच्या खांद्यावर पाण्याची बाटली, औषधांची पिशवी आणि घडीची छत्री.

मावशींनी मला काकांच्या गळ्यात घातले. “काका, हे पुढच्या दारावर द्यायचं. हरवू नका हं.”

“कार्ड की मी?” काका म्हणाले.

“दोन्ही,” मुलगी म्हणाली. “चला बाबा. ऊन चढायच्या आत बसून घेऊ. बंद होणार आहे म्हणे ही राइड. तुम्ही अख्ख्या जगाला यावर बसवलंत आणि स्वतः एकदाही बसला नाहीत. आज मी तुम्हाला बसवल्याशिवाय घरी नेणार नाही.”

मी काकांच्या छातीवर होतो. आतला श्वास मला ऐकू येत होता. तो फटीतून येणाऱ्या वाऱ्यासारखा शीळ घालत होता. अशा छातीवर मी पूर्वी कधी टेकलो नव्हतो. त्या मुलीला एवढी घाई कशाची होती ते मला तेव्हाच कळले.

पण काकांना मात्र मुळीच घाई नव्हती. चार पावले टाकली की ते थांबत आणि भिंतीवर हात ठेवत. मग मला कळले की ही सगळी कपार, हे कडे, ही घरटी त्यांनीच घडवली होती. ते रंगारी होते. जाळीवर कापड, कापडावर गिलावा, गिलाव्यावर रंग असे करत त्यांनी सपाट भिंतींचा डोंगर केला होता.

“ही दगडाची घडी बघ,” ते म्हणाले. “कशी पडलीय? आत तुझी चादर आहे.”

“कुठली चादर?”

“ती निळी. फुलाफुलांची.”

मुलगी जागच्या जागी थांबली. “बाबा! आई ती वर्षभर शोधत होती. धोब्यावर आळ घेतला होता तिनं!”

“म्हणून तर पुन्हा बाहेर काढता आली नाही,” काका म्हणाले आणि हसताना त्यांना ठसका लागला. मुलीने बाटली उघडून दिली. तिचा हात त्यांच्या पाठीवर बराच वेळ होता.

मागून दोन मुले धावत आली. “काका, जाता का पुढे?”

“तुम्ही व्हा. आम्ही येतो सावकाश.”

मग एक कुटुंब आले, तेही पुढे गेले. मग शाळेची सहल आली. काका भिंतीला टेकून उभे राहिले आणि सगळी सहल समोरून जाऊ दिली. पोरे जाता जाता घरट्यांत हात घालत होती आणि काका ते एकटक बघत होते. एका पोराने विचारले, “हे खरं आहे?” काकांनी त्याला गंभीरपणे सांगितले, “हात लावून बघ, मग तूच सांग.”

मुलीचा संयम सुटत चालला होता. “किती वेळ झाला, बाबा! तुम्ही सगळ्यांना वाट देत बसलात तर आपला नंबर कधी लागणार? मी रजा काढून आलेय.”

“मग रजेवर असल्यासारखी वाग ना जरा. कामावरच्यासारखी काय चेहरा करून उभी आहेस?”

“मला तुम्हाला बसलेलं बघायचंय. एवढंच.”

कपारीत एके ठिकाणी बसायला दगड होता, तोही त्यांच्याच हातचा. तिथे ते बसले. तीही बसली. तिने औषध दिले. त्यांनी तिला रंग कसा दिला ते सांगितले. ओल्या दगडाचा काळा रंग काळ्यातून येत नाही, हिरव्यातून येतो, हे सांगितले. तिने आधी नुसते हं हं केले. मग तिने विचारले, “आणि शेवाळं?” मग आणखी काही विचारले. लोक येत होते, पुढे जात होते. तिने घड्याळ बघणे कधी सोडले ते मलाही समजले नाही.

शेवटी पुढचे दार आले. तिथे एक पाटी होती. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी या राइडवर बसू नये.

मुलीने ती वाचली. मग वडिलांकडे पाहिले. “डॉक्टरांना विचारतो म्हणाला होतात.”

“विचारलं होतं. नाही म्हणाले.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात.”

“मग आलो कशाला आपण?” तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. “घरीच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू आणलं असतंस मला?” काका म्हणाले. “बाळ, तो पक्षी कारखान्यातून आला. त्याच्यात माझं काही नाही. माझं काम रांगेत आहे. मला ते बघायचं होतं. आणि तुला दाखवायचं होतं.”

दारवाला उगाच दुसरीकडे बघू लागला. काकांनी मला गळ्यातून काढले आणि त्याच्या हातात ठेवले. टिक्‌. “हिला बसवा,” ते त्याला म्हणाले.

“मी नाही जात.”

“जा ग. मी इथे स्टुलावर बसतो. वरून कसं दिसतं ते कोणीतरी मला सांगायला नको का?”

ती गेली. खुर्चीचा आडवा दांडा खाली येईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत होती. पक्षी उडाला. काका मान वर करून बसले होते आणि मी दारवाल्याच्या टेबलावर होतो. ती परत आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि डोळे लाल होते. पण वर वारा फार असतो.

“मग? काय दिसलं?”

“तुमची भिंत दिसते, बाबा. सगळी.”

“खरा डोंगर वाटतो का?”

“हो,” ती म्हणाली. “वाटतो.”

ते दोघे हळूहळू बाहेर गेले. त्यानंतर थोड्याच वेळात मावशींना ऑफिसातून फोन आला.

“मावशी, तुमचं लाल कार्ड कुठे पडलं होतं?”

“पडलं नव्हतं हो. एका काकांच्या गळ्यात होतं.”

“एवढा वेळ? आज तर रांगच नाही.”

“ते थांबत थांबत गेले.”

“बरं. मग चुकीचा आकडा म्हणून काढून टाकतो.”

आणि त्यांनी तो काढून टाकला. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तो आकडा फलकावर गेला असता तर लोक उगाच माघारी फिरले असते, आणि सिनेमाशी तर त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत मोठा वेळ तोच होता, आणि तो कुठेही राहिला नाही.

पुढे वादळपक्षी बंद झाला. कपार फोडायला माणसे आली. डोंगर आतून पोकळ असल्यामुळे फार वेळ लागला नाही. रांगा मोजायला आता छताला लावलेली यंत्रे आली आहेत, त्यांना कोणाच्या गळ्यात पडावे लागत नाही. माझी भावंडे कचऱ्यात गेली. मावशींची बदली पाण्याच्या घसरगुंडीवर झाली. जाताना त्यांनी मला उचलले आणि सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्या दोरीत अडकवली. बरे चालले आहे. किल्ली अबोल आहे.

एके दिवशी ती मुलगी आली. एकटीच. खांद्यावर पिशवी नव्हती. मावशींनी तिला ओळखले, आणि बाबा कसे आहेत हे विचारायला तोंड उघडून ते मिटले.

“मला एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी आम्हाला किती वेळ लागला होता? तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?”

“लिहिलेलं नाही ग पोरी. ऑफिसनं तो आकडा काढून टाकला. पण माझ्या लक्षात आहे. त्यांचा फोन आला तेव्हाच मी हिशेब केला होता. पावणेतीन तास.”

मुलीने मान वर केली.

“एवढाच?” ती म्हणाली.

मावशींनी तिचा हात धरला आणि तिला बाकावर बसवले. त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी अशा रांगेत उभे राहाल. पुढे कोणी हळू चालत असेल तर त्याला ढकलू नका, बाजूने जा. आणि तुमच्या सोबतचे माणूस भिंतीपाशी थांबून काही दाखवू लागले, तर फलकाकडे बघू नका. ते दाखवत असेल ते बघा.